परड्यातील कोंबडा अंगावर का येतो?

दसरा झाला की या सदराकडे कोंबड्यांच्या भांडखोरपणाविषयीची पत्रे येऊ लागतात, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. चैत्र-वैशाखात आठवडा बाजारातून किंवा दारावर बुट्टी घेऊन येणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेली पिल्ले या सुमारास पाच-सहा महिन्यांची होतात. त्यांतले नर आरवू लागतात, त्यांच्या मानेवरची पिसे लांब आणि चकचकीत होतात, आणि कालपर्यंत पायांत घुटमळणारे पाखरू एके सकाळी मालकाच्या पोटरीवर झेप घेते. कोल्हापूर शहरातून, त्याच्या आसपासच्या वसाहतींतून आणि करवीर, आजरा, गडहिंग्लज या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण इतर अनेकांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला आहे.

प्रश्न : पाचगावला नवीन घरात राहायला आल्यावर आम्ही मागच्या परड्यात आठ कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला. कोंबडा पिल्लू असताना माझ्या दोन्ही मुलांनी त्याला मांडीवर वाढवले. तो त्यांच्या हातातून भात खायचा, खांद्यावर बसायचा. आता तो सात महिन्यांचा आहे आणि गेल्या महिन्यापासून मी दाणे टाकायला गेले की मागून येऊन पायांवर झेप घेतो. गेल्या आठवड्यात सहा वर्षांच्या मुलीच्या गालावर त्याने ओरखडा काढला. सासरे काठी घेऊन मागे लागतात तेव्हा तो पळतो, पण त्यानंतर माझ्यावर दुप्पट जोराने येतो. सासूबाई म्हणतात, कापून टाका, मुले रडतात. माया लावलेले पाखरू असे का उलटते? — एक वाचक भगिनी, पाचगाव

उत्तर : ताई, कोंबड्याचा विचार करण्याआधी मुलीचा करू. कोंबडा उडी मारून पाय पुढे करतो तेव्हा मोठ्या माणसाच्या मांडी-पोटरीवर निभावते, पण सहा वर्षांच्या मुलाचा चेहरा, आणि त्यातही डोळा, त्याच्या टप्प्यात येतो. म्हणून आजपासून कोंबडा मोकळा असताना मुलीने परड्यात जायचे नाही हा नियम घरातल्या सर्वांनी पाळावा. तिला ती शिक्षा वाटू नये म्हणून कोंबडा डालग्याखाली झाकल्यावर अंडी गोळा करण्याचे काम तिच्याकडे द्यावे. कोंबड्याच्या पायांना माती आणि विष्ठा लागलेली असते. त्यामुळे कोणताही ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्याखाली नीट धुवावा आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारून घ्यावे. जखम टोचल्यासारखी खोल असेल किंवा डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्यातच बाकीच्या प्रश्नांची उत्तरे आहेत. कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. नॉर्वेचे थॉर्लीफ शेल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून घरच्या कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि १९२२ मध्ये ही उतरंड शास्त्रीय रीतीने मांडली: कोण कोणाला चोच मारतो आणि कोण मुकाट्याने बाजूला होतो, हे कळपातल्या प्रत्येकाला माहीत असते. आपल्याकडे कोंबड्या राखणाऱ्या बायकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. खुराड्यात सगळ्यांत वरच्या दांडीवर रोज कोण बसते, यावरून त्या कळपाचा कारभार ओळखत. नर पिल्लू वयात येते, त्याच्या अंगात टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक वाढते, आणि त्या उतरंडीत आपली जागा कोणती हे ते एकेकाला आव्हान देऊन पाहू लागते. आईच्या पंखाखाली वाढलेला कोंबडा हे आव्हान दुसऱ्या कोंबड्यांना देतो आणि माणसापासून चार पावले लांब राहतो, कारण माणूस त्याच्या लेखी कळपाबाहेरचा मोठा प्राणी असतो. आपल्या मुलांच्या मांडीवर वाढलेल्या कोंबड्याला मात्र माणसे आपल्याच कळपातली वाटतात. तेव्हा तो मायेला विसरलेला नाही. आपल्याला तो घरचे समजतो म्हणूनच आपल्याशी बरोबरी करू पाहतो. मुलांनी मायेने केले ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. पुढच्या वेळी पिल्लांना हातातून जरूर चारावे, पण तुरा मोठा आणि लाल होऊ लागलेल्या नराला खांद्यावर घेणे त्याच सुमारास थांबवावे, एवढेच सांगेन.

सासऱ्यांच्या काठीचे काय होते तेही यावरून कळेल. कोंबड्याच्या भांडणात दोनच गोष्टींना अर्थ असतो: समोरचा मागे हटला की तो हरला, आणि समोरच्याने उलट मारले की तो बरोबरीचा वैरी ठरला. आपण दचकून मागे सरता तेव्हा तो जिंकतो. काठीने मार बसतो तेव्हा वैर पक्के होते, आणि काठीवाल्यापुढे माघार घेतलेला कोंबडा पुढच्या खेपेला त्याच्याहून मवाळ माणसावर जोर काढतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या अंगावर आलेल्या एका तांबड्या कोंबड्याला मी रागाच्या भरात पायाने लोटून दिले होते. त्यानंतर महिनाभर तो परड्याच्या कोपऱ्यात माझी वाट पाहत उभा राहायचा, आणि ती खोड घालवायला मला पावसाळा उलटेपर्यंत खपावे लागले. तेव्हापासून माझे मत पक्के आहे की कोंबड्याला मारून कोणीही शहाणा केलेला नाही.

झेप घेण्याआधी तो सूचना देतो, ती ओळखायला शिकावे. तो एक पंख खाली सोडून, अंग तिरके करून आपल्याभोवती आखडत चालू लागतो, मानेवरची पिसे फुलवतो, डोके खाली घालून एका डोळ्याने आपल्याकडे रोखून पाहतो, आणि कधी भूक नसताना उगाच जमिनीवर चोच मारत राहतो. हाच पंख सोडलेला नाच तो कोंबडीपुढे करतो तेव्हा त्याचा अर्थ वेगळा असतो. दाणा उचलून पुन्हा खाली टाकत तो 'कुक्‌ कुक्‌' असा आवाज काढत असेल, तर तो कोंबड्यांना खायला बोलावत आहे. त्या वेळी त्याला हुसकावू नये, कारण तो चांगल्या कोंबड्याचा गुण आहे. पाठमोरा माणूस, झपझप चाल, वाऱ्यावर हलणारा पदर आणि पायाशी आपटणारी बादली यांनी तो विशेष चेकाळतो. आपल्यावर तो मागून का येतो, याचे कारण बहुधा यातच आहे.

आता करायचे काय, तर पुढचे तीन आठवडे घरातल्या एकाच मोठ्या माणसाने रोज सकाळ-संध्याकाळ परड्यात जावे, आणि माझ्या मते ते माणूस आपणच असावे. पदर खोचून घ्यावा, पायांत जाड चपला किंवा गमबूट घालावेत आणि हातात एक रिकामी बुट्टी धरावी. ही बुट्टी मारण्यासाठी नाही. तो झेपावला तर ती मध्ये धरायची, त्याची झेप बुट्टीवर आदळू द्यायची आणि आपण जागचे हलायचे नाही. मागे सरायचे नाही, ओरडायचे नाही, पुढे धावून जायचेही नाही; तो स्वतःहून दुसरीकडे पाहू लागेपर्यंत शांत उभे राहायचे आणि मगच आपले काम पुढे चालू ठेवायचे. चालताना वाटेत तो आला तर त्याला वळसा घालू नये, संथ चालत राहून त्यालाच बाजूला होऊ द्यावे. दाणे एकाच ठिकाणी न टाकता लांबवर पसरून टाकावेत, म्हणजे त्याचे लक्ष कोंबड्यांना बोलावण्यात गुंतते. रात्री अंधार पडल्यावर कोंबड्यांना फारसे दिसत नाही आणि त्या शांत असतात. त्या वेळी त्याला दांडीवरून दोन्ही हातांनी अलगद उचलावे, पंख मिटलेले ठेवून काखेत धरावे आणि पाच-दहा मिनिटे घेऊन बसावे. त्याचे अंग सैल पडले की परत ठेवावे. धडपडत असताना सोडू नये, नाहीतर धडपडले की सुटका होते एवढेच तो शिकतो.

काही लोक कोंबड्याची मान जमिनीला दाबून धरायला सांगतात आणि काही त्याला पाय धरून उलटा टांगतात. मी दोन्हींच्या विरोधात आहे. कोंबड्याला आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, नसते. त्याचा श्वास छाती आणि पोटाच्या हालचालीवर चालतो, त्यामुळे छातीवर दाब पडला किंवा तो उलटा लटकत राहिला तर तो गुदमरू शकतो. शांत दिसणारा तो कोंबडा बऱ्याचदा भीतीने गोठलेला असतो.

तीन-चार आठवड्यांत बहुतेक तरुण कोंबडे निवळतात. तसे झाले तरी मुलीने त्याच्यासमोर एकटीने जाऊ नये, कारण मोठ्यांचा मान राखणारा कोंबडा लहानांचा राखेलच असे नाही. आणि एवढे करूनही तो अंगावर येतच राहिला, तर त्याला या परड्यात ठेवू नये असेच मी सांगेन. लहान मूल असलेल्या घरात मुलाच्या डोळ्यापेक्षा मोठी माया दुसऱ्या कशाचीही नाही. जिथे लहान मुले नाहीत आणि उंच जाळीचे बंदिस्त आवार आहे असे घर मिळाले, तर त्याची खोड स्पष्ट सांगून तिथे द्यावे; न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. आपल्या घरी कोंबडी खात असतील तर सासूबाईंचा सल्लाही वावगा नाही, फक्त मुलांशी खोटे बोलू नये. एक गोष्ट मात्र करू नका: त्याला राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाच्या कडेला सोडून देऊ नका. घरातला कोंबडा तिथे फार दिवस जगत नाही, आणि जगला तर त्या जंगलात राहणाऱ्या राखाडी रानकोंबड्यांना पाळीव पक्ष्यांचे रोग देऊ शकतो.

प्रश्न : आमच्याकडे सात गावरान कोंबड्या आणि एकाच वीणीचे तीन कोंबडे आहेत. पावसाळ्यात त्यांना बरेच दिवस खुराड्यात कोंडून ठेवावे लागले. आता चार कोंबड्यांच्या पाठीवरची पिसे गेली आहेत, एकीच्या पंखाखाली जखम आहे आणि कोंबडे आपसांत रक्त येईपर्यंत भांडतात. रोग आहे की भांडण? — एक शेतकरी वाचक, प्रयाग चिखली

उत्तर : दादा, हे भांडण आहे, आणि त्याचे मूळ कोंबड्यांच्या स्वभावात कमी आणि आकड्यांत जास्त आहे. एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या हे प्रमाण साधारण बरोबर धरले जाते. आपल्याकडे ते एकामागे दोन-अडीच इतकेच भरते. प्रत्येक कोंबडी दिवसातून अनेकदा तिघांच्याही तावडीत सापडते. कोंबडा पाठीवर चढताना पायांनी तोल सावरतो आणि चोचीने डोक्यामागची पिसे धरतो. म्हणून पाठ आणि डोक्याचा मागचा भाग उघडा पडतो, आणि पायाच्या काट्याने पंखाखाली फाटते. उवा किंवा पिसवांमुळे पिसे गेली असती तर ती शेपटीखाली आणि पोटावरही विरळ झालेली दिसली असती. तरीही एकदा रात्री पिसे उलटी करून मुळाशी पाहून घ्यावे, कारण दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात.

चिखली-आंबेवाडीकडच्या लोकांना पावसाळ्याविषयी मी काय सांगावे? २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपण माणसे आणि जनावरे दोन्ही हलवलेली आहेत. पण पूर नसलेल्या वर्षीही आषाढ-श्रावणात झड लागली की कोंबड्या दिवसचे दिवस आत राहतात, आणि कळपातली भांडणे बहुतांशी याच काळात पेटतात. मोकळ्या परड्यात हरलेला कोंबडा पळून नजरेआड होतो आणि भांडण तिथेच संपते. खुराड्यात त्याला पळायला जागा नसते, म्हणून जिंकलेला कोंबडा मारतच राहतो. पुढच्या पावसाळ्याआधी खुराड्याला लागून पत्र्याचे किंवा ताडपत्रीचे छप्पर असलेली, तीन बाजूंनी जाळी लावलेली पडवी काढता आली तर काढावी. आत प्रत्येक पक्ष्याला किमान तीन-चार चौरस फूट आणि पडवीत आठ-दहा चौरस फूट जागा मिळावी. पडवीत एखादी जुनी फळी उभी करावी किंवा तुराट्यांचा आडोसा करावा, म्हणजे हरलेल्याला जिंकणाऱ्याच्या नजरेआड जाता येते. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवावीत, नाहीतर दांडगा पक्षी एकाच भांड्यावर पहारा देऊन बसतो.

आज तातडीने करायचे काम म्हणजे तिन्ही कोंबडे काढून वेगळे ठेवणे. त्यांना एकत्र ठेवले तरी चालेल; समोर कोंबडी नसली की एकत्र वाढलेले भाऊ पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतके शांत राहतात, फक्त कोंबड्यांचा आवार त्यांच्या नजरेला पडू नये. जखमी कोंबडीला कळपातून बाजूला घ्यावे, जखम मीठ घातलेल्या कोमट पाण्याने धुवावी, आणि माश्या बसून अळ्या पडत नाहीत ना हे रोज पाहावे. जखम खोल असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्या कोंबड्याही त्याच जागी चोच मारू लागतात, म्हणून ती बरी होईपर्यंत परत सोडू नये. गळून गेलेली पिसे लवकर येतील, पण मुळाशी मोडून राहिलेली पिसे पुढच्या पिसे झडण्याच्या काळापर्यंत येणार नाहीत. तोपर्यंत उघड्या पाठीला ऊन आणि नखे दोन्ही लागतात. जाड सुती कापडाची छोटी झूल शिवून पंखांखालून दोन पट्ट्यांनी बांधता येते; ती ओली राहू देऊ नये आणि आठवड्याला काढून धुवावी.

महिन्याभराने तिघांपैकी एकच परत सोडावा. कोणता, हे ठरवताना सगळ्यांत दिमाखदार दिसणारा निवडण्याचा मोह होतो, पण मी उलटे पाहतो. दाणा सापडला की आधी कोंबड्यांना बोलावणारा, घार दिसताच ओरडून सावध करणारा आणि चढण्याआधी कोंबडीपुढे नाचणारा कोंबडा ठेवावा. धावत जाऊन कोंबडीला कोपऱ्यात गाठणारा काढावा. कोंबड्याचे घारीसाठीचे ओरडणे वेगळे असते आणि मुंगूस किंवा कुत्रा दिसल्यावरचे वेगळे. कोंबड्याही त्यानुसार कधी दबून बसतात तर कधी ताठ उभ्या राहून पाहतात. या राखणीसाठीच तर आपण कोंबडा ठेवतो.

प्रश्न : शाहूपुरीत आमच्या जुन्या बंगल्यामागे पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. तो पहाटे चारपासून आरवतो आणि शेजारच्या आजारी काकांना त्रास होतो. कोंबडा काढला तर अंडी बंद होतील का? आणि तोंड बंद ठेवण्याचा काही उपाय आहे का? — एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : अंडी बंद होणार नाहीत. कोंबडी कोंबड्याशिवायही तितकीच अंडी देते. फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. आपल्याला पिल्ले नको असतील तर शहरातल्या पाच कोंबड्यांच्या परड्यात कोंबड्याची गरज नाही, आणि आजारी शेजाऱ्याच्या झोपेचा विचार करता त्याला गावाकडे नातेवाइकांच्या मोकळ्या परड्यात पाठवणे हाच मला सर्वांत बरा उपाय वाटतो.

ते जमत नसेल तर एवढे करून पाहावे. जपानमधल्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की कोंबड्याचे पहाटेचे आरवणे त्याच्या शरीरातल्या घड्याळावर चालते. सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही जवळपास दिवसाच्या अंतराने आरवत राहिले. त्यामुळे खुराड्यात काळोख केला म्हणून आरवणे थांबत नाही. मात्र रस्त्यावरचा दिवा, गाडीचा झोत आणि दुसऱ्या कोंबड्याचा आवाज यांनी अवेळीचे आरवणे वाढते, आणि ते काळोखाने कमी होते. रात्री त्याला बंगल्याच्या आतल्या बाजूच्या, जाड भिंतींच्या, पण हवा खेळती असलेल्या जागेत ठेवावे आणि सकाळी सातनंतर सोडावे. आवाज बंद होणार नाही, पण शेजारी तो दबून पोहोचेल. गळ्याला पट्टा आवळून आरवणे बंद करण्याचे प्रकार विकत मिळतात, ते वापरू नयेत. पट्टा किंचित घट्ट झाला तरी पक्षी गुदमरतो, आणि मानेची पिसे फुगली की त्याचा घट्टपणा बाहेरून कळत नाही.

प्रश्न : माझ्याकडे असील जातीच्या रक्ताचा एक देखणा कोंबडा आहे. माणसाच्या अंगावर येतो, पण घार आणि मुंगसाला जवळ फिरकू देत नाही. एक कोंबडी खुडूक झाली आहे. त्याचीच अंडी तिच्याखाली ठेवावीत असे वाटते, म्हणजे राखणदार पिल्ले मिळतील. ठेवू का? — एक तरुण वाचक, आजरा तालुका

उत्तर : ठेवू नका. देखणेपणा आणि राखणदारी यांच्याबरोबर माणसाच्या अंगावर येण्याची वृत्तीही पिल्लांत उतरते, आणि ती किती उतरली हे सहा महिन्यांनी, पिल्ले वयात आल्यावर कळते. तोवर एकाऐवजी चार-पाच तसले कोंबडे आपल्या परड्यात फिरत असतात. असील ही जात पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठी निवडत आणलेली आहे. तिचे कोंबडे माणसाशी अनेकदा शांत असतात पण दुसऱ्या कोंबड्याशी मरेपर्यंत लढतात. आपला कोंबडा दोन्हींशी भांडतो, म्हणजे त्याच्यापासून पैदास करण्याचे कारण आणखी कमी होते. राखणदारी आणि मारकेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या पाहण्यातले सगळ्यांत चांगले राखणदार कोंबडे माणसाला वाट देणारे होते, कारण जो कोंबडा दिवसभर मालकावर लक्ष ठेवून असतो त्याचे आकाशाकडे लक्ष राहत नाही.

खुडूक कोंबडीखाली दुसऱ्या शांत कोंबड्याची अंडी ठेवायची असतील तर एक काळजी घ्यावी. एकदा मिलन झाल्यावर कोंबडीच्या शरीरात नराचे बीज साठून राहते, आणि दोन आठवडे, कधी त्याहून थोडा अधिक काळ, अंडी त्याचीच फळतात. म्हणून आधीचा कोंबडा काढल्यावर तीन आठवडे थांबून मगच नव्या कोंबड्याची अंडी जमवावीत. तोपर्यंत आपल्या कोंबडीचे खुडूकपण ओसरेल, आणि थांबायचे नसेल तर ओळखीच्या घरातून, जिथला कोंबडा आपण स्वतः पाहिला आहे, फळलेली अंडी आणावीत. ती एकाच दिवशी ठेवली तर २१ दिवसांनी पिल्ले एकत्र बाहेर पडतील.

आपण पत्रात लिहिलेले नाही, पण असील कोंबडा म्हटले की यात्रेच्या दिवसांत कोणीतरी झुंजीसाठी मागायला येतेच, म्हणून सांगतो. प्राण्यांना झुंजवणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. कितीही पैसे देऊ केले तरी त्याला त्या हातात देऊ नका. झुंजीच्या रिंगणातून परत आलेला कोंबडा मी एकदा पाहिला आहे आणि पुन्हा पाहण्याची माझी इच्छा नाही.

प्रश्न : कोंबड्याच्या पायाचे काटे दोन इंच वाढले आहेत. तो भांडखोर नाही, पण कोंबड्यांना ते लागतात. शेजारी सांगतात की पिळून उपटून काढावेत. तसे करावे का? — एक वाचक भगिनी, गडहिंग्लज

उत्तर : उपटू नका. काट्याच्या आत पायाच्या हाडाला जोडलेला हाडाचाच गाभा असतो आणि त्यात रक्तवाहिन्या असतात; बाहेरचे शिंगासारखे कवच पिळून काढले की तो कोवळा गाभा उघडा पडतो, रक्त येते आणि कोंबडा कित्येक दिवस दुखऱ्या पायाने चालतो. काटा फक्त बोथट करायचा असतो. संध्याकाळी अंधार पडल्यावर एकाने कोंबड्याला टॉवेलमध्ये गुंडाळून काखेत धरावे आणि दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात कानशीने टोक थोडे थोडे घासावे. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त घासू नये. दर पंधरा दिवसांनी पुन्हा थोडे घासत जावे. घासताना कवचाच्या मधोमध काळसर किंवा लालसर ठिपका दिसू लागला की तिथेच थांबावे. चुकून रक्त आलेच तर हळद दाबून धरावी, आणि ते थांबेपर्यंत त्याला कळपात सोडू नये.

काटे एवढे वाढले आहेत म्हणजे कोंबडा दोन-तीन वर्षांचा तरी असावा. धरलाच आहे तर त्याच वेळी तळवेही उलटे करून पाहावेत. तळव्यावर काळी खपली आणि खाली सूज असेल तर पायात पू धरलेला असतो, आणि अशा दुखण्याने म्हातारे, शांत कोंबडेही एकाएकी चिडके होतात. तशी खपली आढळल्यास ती घरी कापू नये, पशुवैद्यकांना दाखवावी, आणि तो रात्री बसतो ती दांडी किती उंच आहे हे मला पुढच्या पत्रात कळवावे. उंच दांडीवरून कठीण जमिनीवर रोज उडी पडत असेल तर ती दांडी दोन फुटांवर आणून खाली भाताचे काड पसरावे लागेल.